बाबा पदमनजींचा ‘अरुणोदय’ : साधनग्रंथ या दृष्टीनें कांहीं विचार

बाबा पदमनजी यांचें ‘अरुणोदय’ हें आत्मचरित्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रसिद्ध झालें. मराठींतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. परंतु त्याचें वाचन आजवर बहुधा दोनच रीतींनीं होत आलेलें आम्हांस दिसतें. ख्रिस्ती वाचक त्याकडे बोधपर ग्रंथ म्हणून पाहतात. इतिहासाचे अभ्यासक त्यांतून परमहंस मंडळीविषयींची माहिती तेवढी उचलतात व पुस्तक मिटतात. या दोहोंपैकीं कोणत्याही रीतीनें ग्रंथाच्या गाभ्यास हात लागत नाहीं, असें आमचें मत आहे.

तो गाभा कोणता? एखादी गोष्ट मनास पटणें आणि ती चारचौघांत कबूल करणें यांमध्यें जें अंतर असतें, त्या अंतराचा हा वृत्तांत आहे. बाबांचा जन्म १८३१ सालीं बेळगांवास कासार कुटुंबांत झाला. बेळगांव व मुंबई येथील मिशनच्या शाळांत ते शिकले आणि १८५४ सालीं बेळगांवासच त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. परंतु येशूवरील विश्वास कांहीं त्या दिवशीं उत्पन्न झाला नाहीं. तो आधींच जडला होता. आईबापांची माया, जातीचा धाक व लोकलज्जा यांमुळें तो मनांत दडून राहिला होता.

हा धाक काल्पनिक नव्हता. १८३९ सालीं डॉ. जॉन विल्सन यांच्याकडील दोन पारशी तरुणांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां तें प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. १८४३ सालीं नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा अल्पवयी बंधु श्रीपत यास न्यायालयानें पित्याच्या स्वाधीन केलें, आणि त्यास ज्ञातींत परत घ्यावें कीं नाहीं यावरून मोठा वाद माजला. श्रीपतीच्या शुद्धीचा पक्ष घेणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानासही सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. पुढें १८५० च्या कायद्यानें धर्मांतर करणाराचा वारसाहक्क राखला खरा. पण घराच्या उंबरठ्याआंत त्या कायद्याची सत्ता चालत नव्हती. आईच्या हातचें जेवण आणि भावंडांच्या पंक्तींतील पाट कोणता कायदा परत मिळवून देणार?

येथेंच परमहंस मंडळीशीं तुलना उद्बोधक ठरते. १८४९ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या या गुप्त मंडळींत बाबाही कांहीं काळ होते. जातिभेद व मूर्तिपूजा तिला अमान्य होती. ख्रिस्ती मनुष्यानें भाजलेला पाव खाऊन सभासद जातिबंधन तोडीत, परंतु तें बंद दाराआड. १८६० च्या सुमारास मंडळीचीं कागदपत्रें चोरीस गेलीं, नांवें उघड होण्याची वेळ आली, आणि मंडळी विस्कळित झाली. विचारानें हे गृहस्थ बाबांहून मागें होते असें नाहीं, आणि त्यांस भीरु म्हणून हिणवणें आम्हांस उचितही वाटत नाहीं. घरांत राहून घर सुधारण्याच्या त्यांच्या इच्छेंतूनच पुढें १८६७ सालीं प्रार्थनासमाज उदयास आला. तथापि गुप्त मत आणि उघड निष्ठा यांतील फरक किती मोलाचा असतो, हें मात्र या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होतें.

आतां प्रामाण्याचा प्रश्न. ग्रंथ घटनांनंतर सुमारें तीस वर्षांनीं लिहिलेला. लेखक ख्रिस्ती धर्मोपदेशक. अशा लेखकाच्या शब्दास आप्तवाक्य मानावें काय? न्यायशास्त्राप्रमाणें, जो जसें जाणलें तसें सांगतो तो आप्त. ही कसोटी लाविली असतां ग्रंथाचे दोन भाग पडतात. जेथें बाबा प्रतिपक्षाच्या धर्माविषयीं लिहितात, तेथें ते वकील आहेत. त्यांची मूर्तिपूजेवरील टीका आम्हांस एकांगी वाटते. परंतु जेथें ते स्वतःची चलबिचल व भय सांगतात, तेथें ते साक्षीदार आहेत. जो आपल्या निष्ठेचा गौरव करण्यास बसला आहे, त्यानें आपलाच दुबळेपणा बनवून सांगण्याचें कारण नाहीं. म्हणून हा दुसरा भाग आम्ही निःशंकपणें ग्राह्य धरितों.

एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. ज्यांस सोडून लेखक निघाला, त्यांचें दुःख ग्रंथांत त्याच्या वाटेंतील अडथळा म्हणून येतें; त्यांच्या तोंडून तें ऐकूं येत नाहीं. ती बाजू मराठीस सुमारें पन्नास वर्षांनीं लाभली. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांत प्रसिद्ध झालीं. नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले, तेव्हां मागें राहिलेल्या पत्नीवर काय गुदरलें, हें त्या स्वतः सांगतात. पतीजवळ परत आल्यावरही त्यांनीं आपलें सोवळें सोडलें नाहीं. जातिभेद देवानें केला कीं माणसानें, या प्रश्नाचा उलगडा त्यांचा त्यांस झाला तेव्हांच तें सुटलें, आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. निष्ठा दोन्ही काळांत एकच होती. तिचा विषय तेवढा बदलला.

सारांश, ‘अरुणोदय’ हा ग्रंथ ‘स्मृतिचित्रां’च्या शेजारीं ठेवून वाचावा, अशी आमची अभ्यासकांस विनंती आहे. घर सोडणाराचा ताप आणि ज्यांचें माणूस गेलें त्यांचा ताप, या दोहोंची नोंद घेतल्याविना एकोणिसाव्या शतकांतील महाराष्ट्राच्या धर्मविचाराचा इतिहास पुरा होणार नाहीं. ख्रिस्ती मराठी ग्रंथ परकीयांचे म्हणून बाजूस सारण्याची संवय आमच्यांतील पुष्कळांस आहे. तीं सर्व माणसें आपल्याच घरांतील होतीं, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे.