आलेखातली पांढरी जागा

बलाढ्य देशांच्या प्रभावाबद्दल लोकांना काय वाटतं? हे मोजणारं एक नावाजलेलं सर्वेक्षण म्हणजे बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस आणि ग्लोबस्कॅन यांचं. त्याची शेवटची फेरी २०१७ ची. प्रश्न साधा आहे: अमुक देशाचा जगावरचा प्रभाव मुख्यतः चांगला की मुख्यतः वाईट? तोच प्रश्न अनेक देशांत, वर्षानुवर्षं विचारल्यामुळे मतं कशी बदलली ते ताडून पाहता येतं. हे त्याचं बळ मान्यच.

पण अहवालातला आलेख नीट बघा. 'चांगला' आणि 'वाईट' यांच्या रंगीत पट्ट्या, आणि उरलेली जागा पांढरी. 'अवलंबून आहे', 'दोन्ही नाही' आणि 'माहीत नाही' ही सगळी उत्तरं त्या पांढऱ्या जागेत एकत्र. माझा आक्षेप इथेच आहे.

कोरेगाव भीमाचंच घ्या. १ जानेवारी १८१८ ला इथे कंपनीची फौज पेशव्यांच्या सैन्याशी लढली. नदीपलीकडे पेरण्याच्या हद्दीत कंपनीने स्वतःच्या विजयाचा स्तंभ उभारला. त्यावर कंपनीच्या ४९ सैनिकांची नावं आहेत, त्यातली २२ महार सैनिकांची. पुढे १८९० च्या दशकात त्याच इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी ती पुन्हा सुरू करण्यासाठी सरकारकडे अर्ज केला. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर स्तंभापाशी आले, तेव्हाही भरतीबंदीचा प्रश्न ताजाच होता.

आता कल्पना करा, कांबळ्यांना कोणी विचारलं असतं, 'इंग्रजांचा प्रभाव चांगला की वाईट?' सैन्याने प्रतिष्ठेची वाट उघडली, आणि सरकारने ती बंद केली. दोन्ही खरं. उत्तर बहुधा 'अवलंबून आहे' असंच आलं असतं, आणि ज्याला काहीच माहीत नाही त्याच्या शेजारी पांढऱ्या जागेत जाऊन बसलं असतं. म्हणजे ज्याने सत्तेचा सगळ्यात जास्त विचार केला, त्याचंच मत दिसेनासं झालं.

तुम्ही प्रश्नावली बनवाल तेव्हा एवढं करा. प्रभाव कशावर, हे वेगवेगळं विचारा: नोकरी, शिक्षण, युद्ध. 'अवलंबून' आणि 'माहीत नाही' यांची नोंद कधीही एकत्र करू नका. 'अवलंबून' म्हणणाऱ्याला लगेच पुढचा प्रश्न टाका: कशावर? मग त्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. वेळ जास्त जाईल, पण खरी माहिती तिथेच असते.