चौकटीबाहेर राहिलेले नाव

इंद्रजाल कॉमिक्सचा अंक घरात दिसला की आमच्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडत. वेताळ आणि मॅन्ड्रेक वाचून पोरे बिघडतात, अशी त्यांची पक्की समजूत होती. आम्ही ते अंक उशीखाली दडवून वाचले आणि वाचून झाल्यावर ते रद्दीत गेले. १९७६ साली त्याच इंद्रजालमध्ये बहादूर आला. तो आबिद सुरती यांनी लिहिला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटला, हे आम्हाला फार उशिरा कळले. चित्रे डोळ्यांत साठवली, पण ती काढणाऱ्याचे नाव विचारावे असे कधी वाटलेच नाही.

ही बेफिकिरी केवळ आमची नाही, कलेच्या मोठ्या बाजाराचीही आहे. रॉय लिक्टनस्टाइन या अमेरिकन चित्रकाराने १९६१ पासून कॉमिक्समधील चौकटी मोठ्या कॅनव्हासवर आणल्या. जाड काळी रेषा, मोजके भडक रंग आणि स्वस्त छपाईतले ठिपके हीच त्याची ओळख झाली. त्याचे ‘नर्स’ हे चित्र २०१५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ९ कोटी ५३ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. ज्या अंकांतून त्याने चौकटी घेतल्या, ते अंक काही सेंटना मिळत.

मग ही निव्वळ चोरी म्हणावी काय? आम्हाला तसे वाटत नाही. ‘ड्राउनिंग गर्ल’ (१९६३) हे चित्र टोनी अब्रुझो यांनी ‘सीक्रेट हार्ट्स’ या प्रेमकथांच्या मासिकात काढलेल्या चौकटीवरून केले आहे. मूळ चौकटीत मुलीच्या मागे उलटलेली होडी आहे आणि तिला धरून राहिलेला तरुणही आहे. लिक्टनस्टाइनने दोघांना काढून टाकले. उरल्या त्या लाटा आणि त्यांत बुडणारा चेहरा. कथेतला एक प्रसंग होता, त्याचे एका माणसाच्या एकटेपणाचे चित्र झाले. काय ठेवावे आणि काय गाळावे हे कळणे, हीसुद्धा कलाच आहे.

परंतु त्या मुलीचा चेहरा, तिचे केस, अश्रू हे सारे आधी अब्रुझो यांच्या हातून उतरले होते, त्याचे काय? ‘व्हॅम!’ (१९६३) हे लंडनच्या टेट संग्रहालयाने १९६६ साली घेतलेले चित्र आयर्व्ह नोव्हिक यांच्या चौकटीवर उभे आहे. त्याच अंकातील रस हीथ यांच्या चौकटीवरून ‘ब्लॅम’ झाले. हे कलावंत पानाच्या हिशेबाने मजुरी घेत आणि हक्क प्रकाशकाकडे राहत. हीथ यांना उतारवयात कॉमिक कलावंतांना मदत करणाऱ्या एका संस्थेचा आधार घ्यावा लागला. २०१४ साली त्यांनी एका पानाच्या कॉमिकमध्ये आपली ही कैफियत स्वतःच रेखाटली. २०१८ साली ते गेले.

कोणी म्हणेल, जुन्या चित्रांतून घेणे ही तर कलेची रीतच आहे. मान्य. पण घेतल्याची नोंद ठेवण्याचीही रीत जुनी आहे. अकबराच्या कारखान्यात एकेका चित्रावर अनेक हात राबत. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातील ‘अकबरनामा’ पाहा. चित्राखालच्या समासात आखणी कोणाची आणि रंगकाम कोणाचे, ही नावे वेगवेगळी लिहिलेली आढळतात. बादशहाचे पुस्तक म्हणून बसावनचे नाव पुसले गेले नाही. सोळाव्या शतकातल्या कारकुनाला जे जमले, ते विसाव्या शतकातल्या गॅलरीला का जमू नये?

आज कॉमिक्सवरून केलेली चित्रे जमवणाऱ्यांची संख्या वाढते आहे. कॉमिक्सच्या मूळ पानांनाही भाव आला आहे. हर्जे यांनी ‘टिनटिन’च्या ‘ब्लू लोटस’साठी १९३६ साली रंगवलेले मुखपृष्ठ २०२१ साली पॅरिसच्या लिलावात सुमारे ३२ लाख युरोंना गेले. चांगले झाले. पण हर्जे यांचे नाव तर आधीच मोठे होते. प्रश्न पानाच्या मजुरीवर राबलेल्यांचा आहे.

म्हणून अशी चित्रे घेणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. मूळ चौकट कोणाची, हे विकणाऱ्याला विचारावे. जमल्यास तो जुना अंकही मिळवावा आणि चित्राशेजारी ठेवावा. दोन्ही एकत्र पाहिल्यावर चित्रकाराने काय बदलले हे उमगते, त्यामुळे त्याचे मोल घटत नाही. आणि भिंतीवरच्या पाटीवर दोन नावे लिहावीत. आम्हीही आता रद्दीच्या दुकानात इंद्रजालचा फाटका अंक दिसला, तर आधी चित्र काढणाऱ्याचे नाव शोधतो. हे काम पूर्वीच करायला हवे होते.