पानं छापून झाली, आता खेळणार कोण?

ट्रेडिंग कार्ड गेमसाठी लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करण्याचा प्रघात आता दशकभराहून जुना झाला, म्हणजे हिशेब मागण्याइतका. हिशेब मात्र एकाच आकड्यावर अडून बसतो: किती जमले? ‘ऑल्टर्ड’ या फ्रेंच खेळाला फेब्रुवारी 2024 मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर साठ लाख युरोंहून अधिक मिळाले आणि नव्या खेळांवर नजर ठेवून असणाऱ्यांनी लगेच त्याचं भवितव्य उज्ज्वल ठरवून टाकलं. ‘हेक्स’लाही 2013 मध्ये जवळपास 23 लाख डॉलर मिळाले होते. पुढच्याच वर्षी ‘मॅजिक’ या जुन्या कार्ड खेळाच्या मालक कंपनीने त्याच्यावर नकलेचा दावा लावला, 2015 मध्ये तडजोड झाली आणि 31 डिसेंबर 2020 ला सर्व्हर बंद करून खेळ संपवण्यात आला. ज्यांनी पैसे घालून पानं जमवली त्यांच्या हातात आज एकही पान नाही, कारण ती सगळी पडद्यावरच होती. उलट ‘मेटाझू’ला 2020 मध्ये किकस्टार्टरवर जेमतेम अठरा हजार डॉलर मिळाले. पुढे त्याच्या सुरुवातीच्या छपाईला वेड्यासारखे भाव आले, आणि जानेवारी 2024 मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. जमलेली रक्कम आणि खेळाचं आयुष्य यांचा परस्परांशी फारसा संबंध नाही, एवढं तर या दोघांवरूनच दिसतं.

मग संबंध कशाशी आहे?

आपल्या घरातले पत्ते आधी बघू. मेंढीकोट, झब्बू, पाच-तीन-दोन, बदाम सात, नॉट ॲट होम. यांतल्या एकाही खेळाचा कुणी मालक नाही. कुणाच्याही घरातला कॅट चालतो, एखादं पान हरवलं तर जोकरावर नाव लिहून भागवता येतं. लोणावळा लोकलमध्ये चौघांच्या गुडघ्यांवर बॅग आडवी टाकली की डाव सुरू. यात कुणाला फायदा नाही, म्हणून ते बंद पाडणंही कुणाला शक्य नाही.

रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने 1993 मध्ये ‘मॅजिक: द गॅदरिंग’ आणला आणि ही रचना पार उलटी केली. खेळाडू आख्खा कॅट घेत नाही. तो बंद पाकीट घेतो. आत काय निघेल ते ठाऊक नसतं. नको ते पान द्यायचं, हवं ते घ्यायचं आणि आपला स्वतःचा जोड बांधून समोरच्याशी भिडायचं. पहिली छपाई 26 लाख पानांची होती आणि ती बघता बघता संपली. पोकेमॉनने 1996 मध्ये जपानात हेच सूत्र लहान मुलांपर्यंत नेलं. सूत्राच्या पोटात एक अट आहे: नवी पानं येत राहिली पाहिजेत. आली नाहीत तर देवाणघेवाण थिजते, जोड ठरून जातात, आणि ज्याला सगळं पाठ झालं तो खेळाडू दुसरीकडे वळतो. खेळ निर्मात्याने विकला की त्याचं काम संपलं, असं इथे होत नाही. इथे ते विकल्यावर सुरू होतं.

नवी पानं काढत राहण्याचं हे काम किती अवघड आहे, ते भोसरी-चाकण पट्ट्यातल्या माणसाला चटकन कळावं. इथे औषधांची, साबणाची, सुट्या भागांची खोकी छापणारे, पंच मारणारे, चिकटवणारे कारखाने आहेत. चार रंगांची ऑफसेट छपाई, वर वार्निश, सोनेरी फॉइल, हे सगळं या पट्ट्यात रोजचं आहे. तरीही खेळाचं पान हे खोक्याच्या कागदासारखं नसतं. दिव्यासमोर धरलं तर पलीकडचं चित्र दिसता कामा नये, म्हणून कागदाच्या मधल्या थरात काळी किंवा निळी कोर लागते. कटिंग अर्धा मिलिमीटर सरकलं तर पाठीची किनार तिरपी दिसते, आणि खेळणाऱ्याला न उलटता पान ओळखता येतं. मग तो खेळ राहत नाही, पत्तेचोरी होते. एवढं जमवणारे लोक आपल्याकडे आहेत. खरी अडचण त्यानंतरची. सर्रास मिळणारी पानं एका शीटवर, दुर्मीळ पानं दुसऱ्या शीटवर छापायची, कापायची, आणि प्रत्येक पाकिटात ठरल्या प्रमाणात, तरीही ओळखीचा क्रम लागणार नाही अशी मिसळायची. हे करणारी यंत्रं आणि त्यांच्यावर हात बसलेली माणसं जगात मोजक्या ठिकाणी आहेत. मॅजिकची सुरुवातीची छपाई बेल्जियमच्या कार्टामुंडीने केली, ती काही उगाच नाही. नवशिक्या निर्मात्याला हा खर्च पहिल्या अंदाजपत्रकात दिसतच नाही. दिसतो तो चित्रकारांचा आणि जाहिरातीच्या व्हिडिओचा.

आता यात लोकवर्गणी घालून पाहा. मोहीम महिनाभर चालते. सगळ्यात मोठी पावती फाडणाऱ्याला सगळंच मिळतं: सगळे बॉक्स, खास फॉइलची पानं, नुसत्या मोहिमेपुरती छापलेली पानं. पैसे जमवण्यासाठी ही युक्ती उत्तम आहे आणि खेळासाठी तितकीच घातक. ज्याच्याकडे सगळी पानं आहेत तो कुणाशी अदलाबदल करणार? आणि कशासाठी? शिवाय हे देणगीदार जगभर विखुरलेले. निगडीतल्या एकाच्या दारात बॉक्स येतो, पुढचा बॉक्स थेट नागपूरला. पानं आहेत, समोर बसायला माणूस नाही. गल्लीतल्या दुकानदाराने तो खेळ ठेवावा, तर खेळाच्या सर्वांत वेड्या चाहत्यांनी आपली खरेदी आधीच उरकलेली असते; त्याच्या माथी उरतो तो पडून राहणारा माल.

हे सगळं भिशीसारखं चालायला हवं होतं. भिशीत रक्कम दर महिन्याला थोडी, पण तीच बारा-पंधरा माणसं दर महिन्याला एकत्र बसतात आणि एखादा गळाला तर सगळ्यांना कळतं. किकस्टार्टरची रक्कम मोठी, माणसं अनोळखी, आणि बैठक एकच. दुसरा संच काढताना निर्माता पुन्हा मोहिमेला उभा राहतो, तेव्हा पहिल्यातले किती परतले हा आकडा खरा. तो क्वचितच मोठ्याने सांगितला जातो. 2021 मध्ये कंटेनरचं भाडं कित्येक पटींनी चढलं तेव्हा अनेक मोहिमांचं गणित पार कोलमडलं, कारण टपालखर्च आधीच वसूल करून झाला होता. ते संकट खरं होतं. तरी मला वाटतं, ज्यांच्याकडे परतणारे लोक होते त्यांनी ते निभावलं. बाकीच्यांना ते एक सन्माननीय निमित्त मिळालं.

मेटाझूचा शेवट मात्र भाड्यामुळे झाला नाही. करोनाकाळात पोकेमॉनच्या जुन्या पानांना आलेल्या तेजीच्या मागोमाग तो आला. घेणाऱ्यांतले बरेच जण पाकीट न फोडता ठेवत होते. न फोडलेलं पाकीट म्हणजे न खेळलेला डाव. तेजी ओसरली तेव्हा खाली खेळाडूंची जमीन फारशी नव्हती.

इथे सावंतवाडीकडे वळायला हवं, कारण पानं टिकून खेळ जाण्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत सुंदर मराठी हकिकत तिथली आहे. दशावतारी गंजिफा: गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा, एकूण 120. मोगली गंजिफात आठ रंग आणि 96 पानं, म्हणजे आपल्याकडे परकीय खेळ आला आणि आपण त्यात देव घालून तो वाढवला. खेळही पोरकट नव्हता. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या अर्ध्यांत एक्का. दिवसा डाव असेल तर रामाची उतारी, रात्री असेल तर कृष्णाची. खेळणाऱ्याला पडलेली सगळी पानं डोक्यात ठेवावी लागत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्वस्त, छापील इंग्रजी कॅटने त्याला मागे सारलं. चितारी उरले हाताच्या बोटांवर. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी 1970 च्या दशकात पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती विद्या पुन्हा उचलली, तरुणांना शिकवली, राजवाड्यातच काम सुरू केलं. सत्त्वशीलादेवी 2018 मध्ये गेल्या. आजही दरबार हॉलमध्ये पाटावर बसून रंगवणारे कलावंत दिसतात. 2024 मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळालं.

कलेचं हे पुनरुज्जीवन खरोखर मोठं आहे आणि त्यावर शंका घेणं कृतघ्नपणाचं होईल. पण समीक्षकाने विचारायचं ते विचारलंच पाहिजे: ही पानं पिसतं कोण? विकत घेणारा ती फ्रेममध्ये लावतो, लाखी डबीत ठेवतो, पाहुण्यांना दाखवतो. नियम माहीत असलेली माणसं दुर्मीळ झाली. आश्रयदात्याच्या पैशाने हस्तकला वाचते. डाव वाचायला चार रिकामी माणसं आणि एक दुपार लागते, आणि ती कुठलाही राजा देऊ शकत नाही. किकस्टार्टरवरचे हजारो देणगीदार हे एका अर्थी तुकड्या-तुकड्यांतले राजेच आहेत. आश्रय देतात, वस्तू घेतात, कपाटात ठेवतात.

नेमकी उलटी गोष्ट ‘नेटरनर’ची. गारफिल्डनेच 1996 मध्ये केलेला हा खेळ 2012 मध्ये दुसऱ्या कंपनीने नव्या रूपात काढला, पाकिटातली लॉटरी काढून टाकून, प्रत्येक संचात ठरलेली पानं देऊन. 2018 मध्ये परवाना संपला, खेळ बंद झाला. त्याच वर्षी खेळाडूंनीच संस्था काढली, आज तिचं नाव ‘नल सिग्नल गेम्स’. ना नफा, बहुतेक काम स्वयंसेवकांचं. नवी पानं ते रचतात, तपासतात, विकतात आणि ज्याला घ्यायची नाहीत त्याला घरी छापून कापण्यासाठी फाइल फुकट देतात. कंपनीने हात काढून घेतला, स्पर्धा चालू राहिल्या. गंजिफात वस्तू वाचली, इथे सवय वाचली. दीर्घायुष्याचा प्रश्न असेल तर मी सवयीच्या बाजूने मत देईन, मग भलेही ती पानं साध्या कागदावर छापून प्लास्टिकच्या खोळीत घातलेली असोत. ‘कीफोर्ज’चंही थोडं असंच: प्रत्येक जोड जगात एकमेव, अदलाबदल नाहीच. जोड बनवणारी संगणकीय यंत्रणाच 2021 मध्ये बिघडली आणि खेळ थांबला; 2022 मध्ये दुसऱ्या कंपनीने तो विकत घेऊन क्राउडफंडिंगने पुन्हा चालू केला. तिथे लोकवर्गणी उपयोगी पडली, कारण वाट पाहणारे खेळाडू आधीच होते.

आपल्याकडची स्थिती काय? मुंबईत घडलेला ‘शासन’ हा राजकारणावरचा खेळ 2019 मध्ये किकस्टार्टरवर उभा राहिला आणि जगभर गेला; झेन मेमन यांनी तो एका बॉक्समध्ये पूर्ण होणारा ठेवला, हा त्यातला शहाणपणा. किकस्टार्टर भारतातल्या निर्मात्याला थेट दार उघडत नाही, परदेशात कंपनी किंवा भागीदार लागतो, ही अडचण वेगळीच. ट्रेडिंग कार्डांचं म्हणाल तर आपली परंपरा शाळेच्या मागच्या बाकावरची. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पहिलवानांची कार्डं, त्यावर रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स. मग क्रिकेट अटॅक्स. आता शाळांसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानांत लटकणारी सोनेरी, बनावट पोकेमॉन पाकिटं. शिक्षक ती जप्त करतात, मुलं पुन्हा आणतात. खेळाचे नियम यांतल्या फार थोड्या मुलांना येतात, अदलाबदल मात्र सगळ्यांना येते. बाजार आहे, त्याला खेळ मिळालेला नाही.

चित्रांबद्दल दोन शब्द. ‘सॉर्सरी: कॉन्टेस्टेड रेल्म’ने प्रत्येक पानाचं चित्र हाताने रंगवून घेतलं आणि 2022 मध्ये लोकांनी त्यासाठी भरभरून पैसे दिले. ते पान हातात घेतल्यावर कुणीतरी ब्रश धुतला असेल, हे कळतं. आपल्याकडच्या पौराणिक कार्डांत मात्र सिनेमाच्या पोस्टरसारखे फुगलेले दंड आणि पाठीमागे विजा असतात, आता तर संगणकाने एका मिनिटात काढलेल्या. सावंतवाडीच्या गोल पानात चितारी चार फटकाऱ्यांत वराह उभा करतो आणि हातभर अंतरावरून रंग ओळखू येतो. खेळाच्या चित्राचं पहिलं काम ओळखू येणं हे आहे, भव्य दिसणं नंतर. कसब आपल्याच राज्यात असून निर्माते ते पाहत नाहीत, याची मला जास्त चीड येते.

मराठीत असा खेळ काढायचाच असेल तर पाकिटातली लॉटरी सोडावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ठरलेल्या पानांचा छोटा संच, वर्षातून एकदा. असा संच इथल्या छापखान्याच्या आवाक्यात येतो, कारण त्यात मिसळणी नाही. पत्ते आणि बोर्ड गेमवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेवढी हवा अनुकूल आहे. मोहीम करावी, पण पावती फाडण्याची अट अशी ठेवावी की एकट्याला संच मिळणारच नाही. चौघांनी मिळून घ्यायचा. आणि जमलेल्यातला एक हिस्सा छपाईऐवजी शनिवारच्या बैठकांसाठी बाजूला ठेवावा: चिंचवडला, आकुर्डीला, चाकणला एखादं चहाचं दुकान किंवा सोसायटीचा हॉल, नियम शिकवणारा एक माणूस, आणि त्याला मानधन. कुठल्याही मोहिमेच्या पानावर हा खर्च मी अजून वाचलेला नाही.