वॉशिंग्टन घराण्याची वंशावळ : एका पिढीच्या चुकीची चिकित्सा

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या इंग्रज पूर्वजांविषयीं गेल्या सुमारें सव्वादोनशें वर्षांत जें महत्त्वाचें लिहिलें गेलें, तें एकत्र ठेवून वाचण्याचा योग आम्हांस नुकताच आला. विषय परदेशचा, घराणें परकें, आणि साधनें चर्चच्या नोंदवह्या, मृत्युपत्रें व कॉलेजचीं दप्तरें अशीं आमच्या नित्याच्या परिचयाबाहेरचीं. तथापि रुमाल सोडून मोडी कागदांवरून वंशावळी जुळविणाऱ्या आमच्या वाचकांस या प्रकरणांतील घोटाळा अगदीं ओळखीचा वाटेल. म्हणून या लेखनाचें परीक्षण येथें करीत आहों.

मूळ प्रश्न थोडक्यांत असा. सतराव्या शतकाच्या मध्यास जॉन व लॉरेन्स वॉशिंग्टन हे दोघे भाऊ इंग्लंडांतून व्हर्जिनिया वसाहतींत जाऊन राहिले. यांपैकीं जॉन हा जॉर्ज वॉशिंग्टन यांचा पणजा. जॉन, त्याचा मुलगा लॉरेन्स, त्याचा ऑगस्टिन आणि त्याचे जॉर्ज, ही अलीकडची साखळी व्हर्जिनियांतील कागदांनीं पक्की आहे; तीबद्दल वाद नाहीं. वाद समुद्रापलीकडचा. हे दोघे भाऊ इंग्लंडांतील कोणत्या घरचे, व कोणाचे मुलगे?

या प्रश्नास पहिलें उत्तर दिलें तें सर आयझॅक हर्ड यांनीं. हर्ड हे गार्टर किंग ऑफ आर्म्स, म्हणजे कुलचिन्हें व वंशावळी यांच्या सरकारी दप्तराचे मुख्य अधिकारी. त्यांनीं १७९१ सालीं अध्यक्षांस पत्र लिहून माहिती मागितली. २ मे १७९२ च्या उत्तरांत अध्यक्षांनीं आपण या विषयाकडे फारसें लक्ष दिलें नसल्याचें कळवून, आपले पूर्वज उत्तर इंग्लंडांतील कोणत्या तरी परगण्यांतून आले अशी घरांतली ऐकीव गोष्ट सांगितली. हर्ड यांनीं आपल्या दप्तरांतील पट पाहिले, तों नॉर्थँप्टनशायरमधील सल्ग्रेव्हच्या वॉशिंग्टन घराण्यांत जॉन व लॉरेन्स असे दोन सख्खे भाऊ सांपडले. नांवें जुळलीं, काळहि ढोबळ मानानें जुळला, झालें! हेच ते दोघे, असें ठरून वंशावळ तयार झाली. खुद्द हर्ड यांस ती निश्चित वाटत नव्हती. पण पट एकदां अधिकाऱ्याच्या हातून उतरला म्हणजे त्याची शंका मागें राहते आणि पट तेवढा पुढें जातो. जॉर्ज बेकर यांच्या नॉर्थँप्टनशायरच्या इतिहासांत तो छापला गेला, आणि चरित्रकारांनीं तो निःशंकपणें उचलला.

पाऊणशें वर्षांनीं, १८६६ सालीं, कर्नल जोसेफ लेम्युएल चेस्टर यांनीं या वंशावळीवर घाव घातला. चेस्टर हे जन्मानें अमेरिकन, पण लंडनांत राहून त्यांनीं जुन्या नोंदवह्या वाचण्यांत उरलेलें आयुष्य घालविलें. वेस्टमिन्स्टर ॲबेच्या नोंदवह्यांची त्यांची १८७६ ची आवृत्ति आजहि नमुन्यादाखल पुढें ठेवावी अशी आहे. त्यांचें म्हणणें साधें होतें. सल्ग्रेव्ह घराण्यांतील जॉन हा १६२३ पासून 'सर' होता, थ्रॅपस्टन येथें राहत होता, व १६६८ मध्यें इंग्लंडांतच वारला. व्हर्जिनियांत उतरलेला जॉन एका लहान गलबतावर दुय्यम खलाशाचें काम करणारा तरुण. त्याच्या नांवामागें 'सर' ही पदवी कोठेंहि नाहीं. दुसरा भाऊ लॉरेन्स हा तर पाद्री, एसेक्समधील पर्ली गांवचा रेक्टर. आणि व्हर्जिनियांत गेलेला लॉरेन्स व्यापारी. तेव्हां हे ते नव्हत, हें उघड झालें.

चेस्टर यांचें हें खंडन बिनतोड आहे. मात्र त्यानें सिद्ध काय झालें, हें नीट पाहिलें पाहिजे. सल्ग्रेव्हचे जॉन व लॉरेन्स हेच वसाहतीस गेले नाहींत, एवढेंच त्यावरून ठरतें. वसाहतीस गेलेले भाऊ त्या घराण्याचे नव्हते, असें ठरत नाहीं. या दोन विधानांतील फरक ध्यानांत न घेतल्यास खरी शाखाहि खोट्या शाखेबरोबर तोडली जाते. खंडन व मंडन यांच्या मधल्या या मोकळ्या जागेंत काय उगवतें, याचा नमुना हवा असल्यास आल्बर्ट वेल्स यांचा १८७९ सालचा जाडजूड ग्रंथ पाहावा. त्यांनीं वॉशिंग्टन घराणें थेट ओडिनपर्यंत, म्हणजे उत्तरेकडील लोकांच्या देवापर्यंत, नेऊन भिडविलें आहे, व तो देव इसवी सनापूर्वीं ७० या वर्षीं नेमून बसविला आहे! चेस्टर यांनीं या ग्रंथाचा कडक समाचार घेतला. आमच्याकडील बखरकारांस आपल्या धन्याचा वंश सूर्यापासून काढल्याबद्दल हंसणारांनीं हा ग्रंथ अवश्य चाळावा.

खरा उलगडा केला तो हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स यांनीं. मॅसॅच्युसेट्समधील सेलेमचे हे गृहस्थ न्यू इंग्लंडच्या वंशेतिहास-संस्थेनें १८८३ सालीं लंडनांत पाठविले. सॉमरसेट हाउसमधील मृत्युपत्रें एकामागून एक वाचीत जाणें, हा त्यांचा क्रम. कोणा एकाचा शोध न घेतां सर्वच वाचावयाचें, आणि वसाहतींत गेलेल्या माणसाचें नांव आलें कीं टिपून ठेवावयाचें, या चिकाटीच्या रीतीनेंच जॉन हार्वर्डच्या आईबापांचा पत्ताहि त्यांस लागला होता. ऑक्टोबर १८८९ मध्यें त्यांनीं वॉशिंग्टन-प्रकरणाचा निकाल प्रसिद्ध केला. त्यांतील पुरावा आम्हीं सविस्तर देतों. कारण या सर्व वाङ्मयांत वाचण्याजोगा भाग तोच आहे.

हर्टफर्डशायरमध्यें ट्रिंग नांवाचें गांव आहे. तेथील आम्फिलिस वॉशिंग्टन नांवाची बाई १६५५ च्या आरंभीं वारली. तिच्या मिळकतीचा कारभार पाहण्याचा दाखला पुढील वर्षाच्या फेब्रुवारींत तिचा मुलगा जॉन वॉशिंग्टन यास मिळाला. त्याच गांवच्या अँड्र्यू नोलिंग नांवाच्या गृहस्थाच्या मृत्युपत्रांत आम्फिलिस व तिचीं मुलें यांस देणग्या असून मुलांचीं नांवें दिलीं आहेत : जॉन, लॉरेन्स, विल्यम, एलिझाबेथ, मार्गारेट, मार्था. या मृत्युपत्रांत आम्फिलिसला जो शब्द लावला आहे, त्याचा आजच्या इंग्रजींत अर्थ 'सून' असा होतो. त्या काळीं तोच शब्द सावत्र मुलीसहि लावीत. नोलिंग हा तिच्या आईचा दुसरा नवरा. हा अर्थ न समजतां कागद वाचला असता, तर नोलिंगच्या पोटीं एक वॉशिंग्टन मुलगा घालण्याची पाळी आली असती. शिवकालीन पत्रांतले शब्द आजच्या अर्थानें वाचणाऱ्या आमच्या मित्रांस हें उदाहरण आम्हीं मुद्दाम दाखवितों.

आतां समुद्रापलीकडे पाहा. व्हर्जिनियांतील जॉननें १६७५ मध्यें मृत्युपत्र केलें. त्यांत मार्था नांवाच्या बहिणीस इंग्लंडांतील आपल्या पैशांतून दहा पौंड व चार हजार पौंड वजनाची तंबाखू ठेविली असून, तिच्या प्रवासाचा खर्च व आल्यावर वर्षभर राहण्याची सोय यांबद्दलचें देणें माफ केलें आहे. ही मार्था पुढें व्हर्जिनियांत आली, तेथेंच तिनें लग्न केलें, व १६९७ च्या आपल्या मृत्युपत्रांत तिनें इंग्लंडांत राहिलेल्या दोन बहिणींचीं नांवें घातलीं : एलिझाबेथ व मार्गारेट. ट्रिंगच्या कागदांतील तीन बहिणी व्हर्जिनियाच्या कागदांत जशाच्या तशा उभ्या राहिल्या. एकटा जॉन कोणत्याहि गांवीं सांपडेल. जॉन, लॉरेन्स, एलिझाबेथ, मार्गारेट व मार्था हा संच दोन ठिकाणीं आपोआप जुळणें दुरापास्त. हर्ड यांनीं दोन पुरुषांचीं नांवें जुळवून समाधान मानलें. पटांत स्त्रियांकडे त्यांनीं पाहिलें असतें, तरी चूक त्यांच्या तेव्हांच ध्यानांत आली असती.

राहिला प्रश्न आम्फिलिसच्या नवऱ्याचा. ट्रिंगच्या नोंदवहींत १६३५ मध्यें लॉरेन्स वॉशिंग्टनच्या लॉरेन्स नांवाच्याच मुलाचा बाप्तिस्मा नोंदलेला आहे. आणि त्या भागांतील धर्मन्यायालयाच्या कागदांत लॉरेन्स वॉशिंग्टन, मास्टर ऑफ आर्ट्स, असें नांव येतें. हा पदवीधर म्हणजे ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजचा फेलो, १६३१ सालचा प्रॉक्टर, आणि १६३३ पासून पर्लीचा रेक्टर. म्हणजे ज्या पाद्र्यास हर्ड यांनीं वसाहतीस पाठविलें व चेस्टर यांनीं तेथून परत आणलें, तोच वसाहतकऱ्यांचा बाप निघाला! घराणें बरोबर होतें, शाखा बरोबर होती, पिढी मात्र एक चुकली होती. आजोबाचें नांव नातवास व बापाचें मुलास ठेवण्याच्या चालीनें आमच्याकडील किती पटांत असाच गोंधळ माजला आहे, हें जाणत्या वाचकांस सांगावयास नको.

या घराण्याची मागील हकीकत आतां निर्वेधपणें सांगतां येते. नॉर्थँप्टनचा लोंकरीचा व्यापारी लॉरेन्स वॉशिंग्टन हा त्या शहराचा दोनदां मेयर झाला. मठ मोडून त्यांच्या जमिनी राजानें विकावयास काढल्या, तेव्हां १५३९ मध्यें त्यानें ३२४ पौंड १४ शिलिंग १० पेन्स देऊन सल्ग्रेव्हची जहागीर घेतली. त्याचें मूळ लँकेशायरमधील वार्टनचें. त्याहून मागें डरॅममधील वॉशिंग्टन गांवचें. तेव्हां जॉर्ज वॉशिंग्टन यांची 'उत्तरेकडून आलों' ही ऐकीव गोष्ट खोटी नव्हती. जुन्या स्थलांतराची आठवण नव्या स्थलांतरास चिकटली होती, इतकेंच. १६१० मध्यें सल्ग्रेव्ह हातचें गेलें, व घराणें ब्रिंग्टनकडे सरकलें. तेथील थडग्यावर दोन तांबडे पट्टे व वर तीन तारे असें त्यांचें कुलचिन्ह आहे. अमेरिकेचें निशाण यावरूनच निघालें, असें पुष्कळ लिहितात. त्यास समकालीन आधार नाहीं. वॉशिंग्टन शहराचें १९३८ सालीं ठरविलेलें निशाण मात्र खरोखर या चिन्हावरून घेतलेलें आहे.

पर्लीच्या रेक्टराविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. यादवी युद्धांत, १६४३ मध्यें, पार्लमेंटच्या पक्षानें त्यास जागेवरून काढलें. त्याच सालीं निघालेल्या जॉन व्हाइट यांच्या पुस्तिकेंत तो दारूच्या गुत्त्यांत पडून राहणारा असल्याचा आरोप छापला आहे. १७१४ मध्यें जॉन वॉकर यांनीं राजपक्षी पाद्र्यांचे हाल वर्णन करतांना तोच मनुष्य सभ्य व निर्व्यसनी असल्याचें लिहिलें. चरित्रकार आपल्या कलाप्रमाणें या दोहोंपैकीं एक वचन उचलतात. दोन्ही ग्रंथ एकेका पक्षाचे कैवारी होत. आरोपाचा पुरावा व्हाइटजवळ किती होता, हें विचारल्यावांचून त्यास मद्यपी ठरवूं नये, आणि सत्तर वर्षांनंतरच्या साक्षीवर साधुहि ठरवूं नये. निर्विवाद एवढेंच कीं, चांगली वृत्ति गेली, हलक्या जागेवर दिवस काढावे लागले, आणि २१ जानेवारी १६५३ रोजीं माल्डन येथें त्याचें दफन झालें. मुलांनीं समुद्राची वाट कां धरली, याचें कारण आम्हांस येथें दिसतें.

ही तारीख कांहीं पुस्तकांत १६५२ अशी आढळेल. इंग्लंडांत १७५२ पूर्वीं वर्ष २५ मार्चला बदले, त्यामुळें जानेवारी जुन्या वर्षांतच मोजीत. मृगसालाच्या तारखा फिरवितांना आमची जी धांदल उडते, तीच ही. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या गणनेनें ११ फेब्रुवारी १७३१, नव्या गणनेनें २२ फेब्रुवारी १७३२. मराठी चरित्रकारांनीं कोणतीहि एक तारीख घ्यावी, पण एकीचा दिवस व दुसरीचें वर्ष घेऊं नये.

वॉटर्स यांच्या कामांत न्यून काढणें आम्हांस जड जातें. त्यांच्या मागून लिहिणारांविषयीं मात्र आमची तक्रार आहे. त्यांची सारी चिकित्सा बंदरावर संपते. गलबतांतून उतरलेला माणूस पुढें काय झाला, हें ते कौतुकानें सांगतात, तपासून नव्हे. जॉन 'सी हॉर्स' नांवाच्या गलबतावरून आला; १६५७ च्या फेब्रुवारींत तें पोटोमॅक नदींत रुतलें, मालक एडवर्ड प्रेस्कॉट याच्याशीं हिशेबाचें भांडण झालें, व जॉन तेथेंच राहिला. नॅथॅनिएल पोप याची मुलगी ॲन त्यानें केली, आणि सासऱ्यानें सातशें एकर जमीन दिली. १६५९ मध्यें त्यानें याच प्रेस्कॉटवर, गलबतावर एका बाईस चेटकीण म्हणून फांशीं दिल्याचा आरोप मेरीलंडच्या न्यायालयांत आणला. पण तारखेच्या आधीं पत्र लिहिलें कीं, मुलाचा बाप्तिस्मा असून पाहुणे बोलावले आहेत, सबब येतां येत नाहीं. फिर्यादी नाहीं म्हणून आरोपी सुटला. चरित्रकारांस हा घरगुती पत्राचा गोड नमुना वाटतो. मेलेल्या बाईचें नांव, एलिझाबेथ रिचर्डसन, प्रेस्कॉटच्या जबानींत आहे. तें त्यांच्या ग्रंथांत आम्हांस क्वचितच दिसलें.

पुढें जॉन जमिनी वाढवीत गेला. दर माणूस आणल्याबद्दल पन्नास एकर असा त्या वसाहतीचा नियम होता. १६७४ मध्यें निकोलस स्पेन्सर याच्याबरोबर त्यानें जे पांच हजार एकर मिळविले, त्यांतच पुढचें माउंट व्हर्नन आहे. १६७५ मध्यें तो व आयझॅक ॲलर्टन व्हर्जिनियाची फौज घेऊन सस्क्वेहॅनॉक लोकांच्या गढीवर गेले. बोलणीं करण्यास बाहेर आलेल्या त्यांच्या पांच सरदारांस ठार मारण्यांत आलें. दोष कोणाचा, याविषयीं व्हर्जिनियाकडील जबान्या मेरीलंडच्या टॉमस ट्रूमनकडे बोट दाखवितात, व मेरीलंडच्या सभेनेंहि त्याच्यावर खटला केला. परंतु हीं सर्व दप्तरें वेढा घालणारांचीं आहेत. गढीच्या आंतल्यांचा एक शब्द या प्रकरणांत टिकला आहे, असें परंपरा सांगते : 'कोनोटोकॅरियस', म्हणजे गांवें गिळणारा, हें नांव त्या लोकांनीं जॉनला दिलें. १७५३ मध्यें त्याच्या पणतूस ओहायोकडील इंडियन सरदारानें त्याच नांवानें हांक मारली, आणि १७५५ च्या एका पत्रांत जॉर्ज वॉशिंग्टन यांनीं स्वतःचा उल्लेख त्याच नांवानें केला आहे.