वसंताची कविता निरुपद्रवी असते का?

वाचनाला सुरुवात करण्याआधी थोडं बोलायचं ठरलं आहे, आणि त्याला कारण एक चिठ्ठी आहे. हा कार्यक्रम आधी दुसऱ्या एका सभागृहात व्हायचा होता. तिथल्या विश्वस्तांनी आमच्याकडे कवितांची यादी आगाऊ मागितली आणि सोबत दोन ओळी लिहिल्या: वातावरण नाजूक आहे, तेव्हा राजकीय कविता नकोत, वसंताच्या चालतील. दुसऱ्याच दिवशी आमच्यातल्याच एका जुन्या मित्राचा फोन आला. त्याचं म्हणणं नेमकं उलटं होतं: माणसं तुरुंगात असताना फुलांवर कविता वाचायला लाज नाही वाटत?

दोघं भांडतायत असं वाटतं, पण दोघांचं गृहीत एकच आहे. वसंताची कविता म्हणजे निरुपद्रवी कविता. आज आपण तेवढंच तपासून पाहू.

मित्राच्या मागे भक्कम आधार आहे, हे आधीच कबूल करायला हवं. हिटलरच्या काळात परागंदा झालेला ब्रेख्त एका कवितेत झाडांविषयी बोलण्याला जवळजवळ गुन्हाच ठरवतो, कारण त्या बोलण्यात कितीतरी अत्याचारांविषयीचं मौन दडलेलं असतं. हे वाक्य आपल्याकडे फार वापरलं जातं. पण १९३९च्याच सुमाराच्या त्याच्या दुसऱ्या एका कवितेत सफरचंदाचं फुललेलं झाड आणि हिटलरच्या भाषणांची भीती, दोन्ही आहेत. लिहायला बसवते ती भीती, असं तो सांगतो. ठीक आहे. पण झाड कवितेतून काढलं नाही ना त्याने? काढलं असतं तर काय गमावलंय हे कळलं कसं असतं?

आता फैज़कडे येऊ. फैज़ अहमद फैज़ यांना मार्च १९५१मध्ये रावळपिंडी कट खटल्यात अटक झाली, ते सुटले १९५५मध्ये. तुरुंगातल्या कविता ‘दस्त-ए-सबा’ आणि ‘ज़िंदाँनामा’ या संग्रहांत आहेत. यातली एक गझल तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे. मेहदी हसन यांनी गायलेली, ‘फरंगी’ या १९६४च्या चित्रपटातही आलेली. लग्नाच्या रिसेप्शनलाही ती वाजते. फुलांत रंग, वसंताचा वारा, प्रियेला बोलावणं. विश्वस्तांना हवी तशीच.

ती लिहिली गेली मॉन्टगोमेरीच्या तुरुंगात, १९५४च्या जानेवारीअखेरीस. जानेवारी म्हणजे वसंत अजून यायचा आहे. दाराशी आलेल्या ऋतूचं हे वर्णन नाही, म्हणजे बघा, ही हाक आहे. आणि मतल्यातच एक शब्द आहे ज्याकडे सूर ऐकता ऐकता आपलं दुर्लक्ष होतं: कारोबार. हा शब्द मराठीतही आहे, दुकानाचा, पेढीचा, सरकारचा. नाजूक प्रेमगझलेत तो खरं तर खडा लागावा तसा लागायला हवा. तू आलीस तर बागेचा कारोबार चालेल, म्हणजे आत्ता तो बंद आहे. रंग आहे, वारा आहे, सगळं जागच्या जागी आहे आणि तरी शटर खाली आहे. अघोषित संचारबंदीतल्या गावाचं याहून अचूक चित्र आम्हाला तरी माहीत नाही. पुढच्याच शेरात पिंजरा येतो, आणि मक्त्यात प्रियेच्या गल्लीतून निघालेली वाट थेट फाशीच्या खांबाकडे जाते, मधे थांबण्यासारखं काही न लागता.

ही सांकेतिक भाषा आहे, खरा अर्थ राजकीय आणि फुलं म्हणजे नुसतं आवरण, असं काही समीक्षक म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. फुलं आवरण असती तर आवरण काढल्यावर गझल अधिक बरी वाटली असती. ती तर कोसळते. गुल, बुलबुल, पिंजरा, शिकारी हे शब्द उर्दूत शतकानुशतकं घासून गुळगुळीत झालेले. त्यातला पिंजरा फैज़ यांच्या बाबतीत खरोखर लोखंडाचा झाला, आणि त्यामुळे शेजारचं फूलही खरं झालं. एक खरं नि दुसरं खोटं, असं इथे करता येत नाही.

आपल्याकडचं उदाहरण कवितेचं नाही, गद्याचं आहे, पण ते टाळता येणार नाही. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६चं. पानगळ, पालवी, रंगांच्या छटा, महिनामहिना बसून पाहिलेल्या. त्याच दुर्गाबाई १९७५मध्ये आणीबाणीत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्या व्यासपीठावरून बाईंनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. ‘ऋतुचक्र’वाल्या दुर्गाबाई आणि कऱ्हाडच्या दुर्गाबाई अशी दोन खाती आपण करून ठेवली आहेत. जे समोर आहे तेच बघायचं आणि बघितलं ते सांगायचं, ही सवय मात्र दोन्हीकडे एकच दिसते.

म्हणून आमची तक्रार वसंताच्या कवितेबद्दल नाही, न बघता लिहिलेल्या वसंताबद्दल आहे. दर पाडव्याला मोबाइलवर ढीगभर येतात तशा कविता. पळस हजर, मोगरा हजर, आणि गाणारी कोकिळा. गातो तो नर, हो! ज्याला हे झाडावर मान वर करून बघायचं नाही, त्याची फुलंही खोटी आणि त्याने उद्या क्रांतीवर लिहिलं तर तीही खोटी. मित्राचा राग या कवितांवर असेल तर आम्ही त्याच्या बाजूने आहोत.

यादी आम्ही पाठवली होती. फैज़ यांची ती गझल तिसऱ्या क्रमांकावर होती, तिच्यापुढे बरोबरची खूण झाली. चौथ्या क्रमांकावर आमच्या एका तरुण मैत्रिणीची पाणीटंचाईवरची कविता होती, तिच्यावर काट मारली. त्यात एकही नेता नाही, पक्ष नाही. चैत्रात आटलेली विहीर आहे फक्त. म्हणून आम्ही सभागृह बदललं. खुर्च्या कमी पडल्यात, मागच्यांनी सतरंजीवर पुढे या. आज सुरुवात चौथ्या क्रमांकापासून करतो आहोत.