एलियटसाहेबांची यादी आणि चौलचा उंदीर

नाताळच्या सुटींत आम्ही चौलास एका स्नेह्यांच्या वाडींत चार दिवस राहिलों होतों. भात निघालेल्या शेतांत वाल नुकताच वर आला होता. बांध नीट करतांना गड्याच्या कुदळीखालीं एक इवलासा उंदीर सांपडून मेला, तो त्यानें करवंटींत घालून ओटीवर आणून ठेविला. यजमानांनीं दुरूनच निकाल दिला, “घरांतल्या उंदराचें पिलूं आहे.” त्यांचा पदवीधर पुतण्या म्हणाला, “काका, ही चिचुंद्री असावी.” गडी मात्र म्हणाला, “नाय भाऊ, यो शेतानला हाय. घरान येत नाय.” त्यास नांव विचारलें तेव्हां तो हंसला. “उंदीरच, आनखी काय!”

ज्यास भेद ठाऊक त्यास शब्द नाहीं, आणि ज्यांस शब्द ठाऊक त्यांस भेद दिसत नाहीं, ही त्या ओटीवरची स्थिति पाहून आम्हांस एका जुन्या लेखाची आठवण झाली. तो लेख म्हणजे वॉल्टर एलियट (१८०३–१८८७) यांनीं केलेली दक्षिण मराठा मुलखांतील सस्तन प्राण्यांची यादी. ती १८३९ सालीं ‘मद्रास जर्नल ऑफ लिटरेचर अँड सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. एलियटसाहेब कंपनीच्या मुलकी नोकरींत धारवाडास होते. ज्या गृहस्थांनीं कानडी मुलखांतील सुमारें ६०० शिलालेखांच्या नकला जमविल्या, त्यांनींच उंदराचीं बोटेंहि मोजलीं, हें आम्हांस योगायोगाचें वाटत नाहीं. झिजलेलें अक्षर काय आणि उंदराचा दांत काय, वाचणाराची नजर एकच लागते.

यादी म्हटली कीं सामान्य वाचक पान उलटतो. या यादींत मात्र रंग आणि मापें यांच्या जोडीस प्राणी कोठें राहतो, काय खातो आणि त्यास तेथील लोक काय म्हणतात, हेंहि येतें. मऊ केसांच्या शेतउंदरास वडार ‘मेत्ताडे’ म्हणत. तो काळ्या जमिनीच्या उन्हाळी भेगांत राहतो आणि पावसाच्या आरंभीं भेगा मिटल्या कीं शेंकड्यांनीं मरतो, असें एलियट सांगतात. १८२६ सालीं आरंभींचा पाऊस कमी पडला आणि हे उंदीर अतोनात माजले. पेरलेलें बीं त्यांनीं खाल्लें, जोंधळ्याच्या ताटांवर चढून कणसें तोडलीं, कुळांस सारा देणें अशक्य झालें. शेतकऱ्यांनीं वडारांस डझनाच्या हिशेबानें धान्य देऊन उंदीर मारविले, तरी ते हटेनात. उंदराच्या वर्णनांत एका दुष्काळी वर्षाचा इतिहास असा सहज येऊन बसतो, हा या लेखनाचा मोठा गुण होय.

दोषहि सांगितला पाहिजे. एलियटांच्या नमुन्यांवरून ग्रे यांनीं १८३७ सालीं कांहीं जातींस शास्त्रीय नांवें दिलीं. त्यांत ‘मेत्ताडे’चें ‘मेल्टाडा’ झालें. पुढें ब्लॅनफर्ड यांनीं ‘मेत्ताडा’ असें लिहून पाहिलें, पण नामकरणाच्या नियमानें पहिली चूकच कायम राहिली. एका उंदराच्या नांवांत खुद्द एलियट अमर झाले. ज्या वडारांनीं उंदीर खणून काढले, ओळखले आणि ज्यांच्या तोंडचें नांव उचललें, त्यांची आठवण एका अशुद्ध शब्दापुरती उरली.

आतां याच पद्धतीनें चौलचा उंदीर पाहूं. चिचुंद्रीचें नाक लांब सोंडेसारखें असतें, पुढच्या पायास पांच बोटें असतात आणि उंदराचे पटाशीसारखे दांत तिला नसतात. आमच्या उंदरास पटाशीचे दांत होते आणि पुढच्या पायास चारच ठळक बोटें होतीं. चिचुंद्री बाद झाली. पिलाचें डोकें आणि पाय अंगाच्या मानानें मोठे दिसतात, येथें सर्व प्रमाणांत होतें. घरच्या उंदराची शेपटी बहुधा अंगाहून लांब आणि पोट मळकट असतें. याची शेपटी अंगाहून किंचित् आंखूड आणि पोट स्वच्छ पांढरें होतें. घरच्या उंदराच्या वरच्या दांतास मागून जी खांच असते, ती भिंगानेंहि दिसली नाहीं. केस मऊ होते, तेव्हां कांटेरी केसांचे उंदीरहि गळले. राहिला तो लहान शेतउंदीर, ग्रे यांचा ‘मस बूडुगा’.

पण येथें हात आंखडता घेतला पाहिजे. ‘मस टेरिकलर’ नांवाची दुसरी जात त्याच्याशीं इतकी सारखी आहे कीं निश्चित निर्णयास गुणसूत्रेंच पाहावीं लागतात. म्हणजे डोळ्यांनीं जेवढें खात्रीनें म्हणतां येतें तेवढें गड्यानें आधींच म्हटलें होतें : हा शेतांतला.

आमच्या वाङ्मयांत उंदीर गणपतीच्या पायाशीं आहे, लहान मुलांच्या गोष्टींत आहे, परंतु तो सर्वत्र एकच उंदीर आहे. १९७५ सालीं सिंहगडावरून मेत्ताड्याचा एक भाऊबंद नवी जात म्हणून जगापुढें आला. त्याचें नांव ‘मिलार्डिया कोंडाना’. ज्या गडावर आम्हीं पोवाडे आणि कादंबऱ्या लिहिल्या, त्या गडाचें नांव धारण करणारा हा जीव आमच्या वाचनांतल्या मराठी ललित लेखनांत कोठें आढळला नाहीं. ज्यास सर्व उंदीर सारखे, त्याचें विषहि सर्वांस सारखेंच पडावयाचें. त्यांत किडे खाणारी चिचुंद्री मरेल आणि एखादी दुर्मिळ जातहि मरेल.

एलियटसाहेबांच्या यादीचें सटीक मराठी भाषांतर व्हावें, अशी आमची सूचना आहे. मात्र टीपा केवळ ग्रंथांवरून लिहूं नयेत. चौलच्या मागें डोंगरपट्टींत कातकरी भाताच्या बांधांतून उंदीर खणीत आले आहेत. त्यांच्या भाषेंत कोणत्या उंदरास काय म्हणतात, हें त्यांच्याजवळ बसून लिहून घ्यावें, आणि ज्यानें सांगितलें त्याचें नांव या वेळीं तरी शुद्ध छापावें.