परभृताचे अंडे : एका ग्रंथाचे पुनर्वाचन

क्लिफर्ड स्टोल यांचा ‘द ककूज एग’ हा ग्रंथ १९८९ साली प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून तो बहुधा हेरकथा म्हणूनच वाचला गेला. ग्रंथाचा घाट पाहता हे स्वाभाविक होय. परंतु विद्यापीठीय परिसरातील दूरध्वनी, संगणकजाल आणि त्यांची सुरक्षा यांविषयी त्यात जे सांगितले आहे, ते हेरकथेच्या आस्वादात निसटून जाते. हा ग्रंथ मूलतः वाचनाविषयीचा आहे आणि त्याचे बळ व त्याची उणीव या दोहोंचे मूळ तेथेच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कथावस्तू थोडक्यात अशी. बर्कली येथील विद्यापीठ-परिसरालगतच्या टेकडीवर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आहे. तिचे व्यवस्थापन कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे असते. १९८६ च्या ऑगस्टमध्ये तेथील संगणक-वापराच्या हिशेबात पंचाहत्तर सेंटांची तफावत आढळली. मूळचे खगोलशास्त्रज्ञ असलेल्या स्टोल यांच्याकडे तिचा शोध सोपविण्यात आला. आणि यंत्रणेत कोणी परका इसम वावरत असल्याचे उघडकीस आले. अनेक महिन्यांच्या पाठलागानंतर माग जर्मनीतील हानोव्हर येथे मार्कुस हेस याच्यापर्यंत पोहोचला. त्याने सुमारे ४५० संगणकांत शिरण्याचा प्रयत्न केला होता आणि तीसहून अधिक ठिकाणी तो यशस्वी झाला होता. मिळविलेली माहिती सोव्हिएत हेरसंघटनेस विकली जात होती. १९९० साली जर्मन न्यायालयाने त्यास दोषी ठरविले.

येथे भाषेच्या अभ्यासकाने थांबावे असे एक स्थळ आहे. यंत्रणेत कोणती कामे चालू आहेत हे पाहण्यासाठी आगंतुक ‘पीएस’ ही आज्ञा देई. मात्र तिला तो जी अक्षरे जोडी, ती बर्कलीच्या युनिक्समधील वहिवाटीची नव्हती, ए. टी. अँड टी.च्या युनिक्समधील होती. एवढ्यावरून स्टोल यांच्या सहकाऱ्याने अनुमान केले की हा मनुष्य आपल्या भागातील नव्हे. बोलीच्या एका प्रत्ययावरून वक्त्याचा प्रांत ओळखावा, तसाच हा प्रकार होय. पुढे त्याने निवडलेल्या परवलीच्या शब्दांत शिकारी या अर्थाचा जर्मन शब्दही सापडला. तेव्हा चोर पकडला गेला तो कुलपामुळे नव्हे, तर त्याच्या भाषिक सवयींमुळे. आणि त्या सवयी कोणी तरी चिकाटीने वाचल्यामुळे. ध्वनीसाठी घातलेल्या दूरध्वनीच्या तारांवरूनच अक्षरे वाहत होती. म्हणून अखेरचा दुवा मिळविण्यास जर्मन दूरध्वनी-केंद्रातील तंत्रज्ञास हाताने माग काढावा लागला, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता ग्रंथाच्या शीर्षकातील रूपकाकडे वळू. टपाल हलविणाऱ्या एका आज्ञावलीतील दोषाचा लाभ घेऊन आगंतुकाने आपली बनावट आज्ञावली अशा जागी ठेवली, की यंत्रणेने स्वतःच ती आपल्या पूर्ण अधिकाराने चालवावी. दुसऱ्याच्या घरट्यातील अंडे ते हेच. रूपक नेमके आहे, यात शंका नाही. परंतु आपल्या परंपरेत कोकिळेस ‘परभृत’ म्हणतात, आणि या प्रतिमेचा एक प्रसिद्ध उपयोग शाकुंतलाच्या पाचव्या अंकात आहे. तेथे दुष्यंत परभृतांचा दाखला देतो तो शकुंतलेला कपटी ठरविण्यासाठी. आणि शकुंतला निरपराध असते. घरट्यात परके अंडे असू शकते हे एकदा मनात ठसले की प्रत्येक अंडे परके भासू लागते, हा या रूपकाचा धोका होय.

स्टोल यांच्या ग्रंथाची उणीव नेमकी येथे आहे. आगंतुक कोणत्या वाहिनीने येतो हे कळावे म्हणून त्यांनी एका शनिवार-रविवारी सहकाऱ्यांच्या मेजांवरील मुद्रणयंत्रे न विचारता आणून बाहेरून येणाऱ्या सुमारे पन्नास वाहिन्यांना जोडली. आगंतुक सापडला एका वाहिनीवर. उरलेल्या वाहिन्यांवरील कागदांत प्रामाणिक वापरकर्त्यांचे लेखन होते. त्या कागदांचे काय करावे, त्यांवर कोणाचा अधिकार, हा प्रश्न ग्रंथात ओझरताच येतो. विश्वास मोडला गेल्याचे दुःख स्टोल मनःपूर्वक व्यक्त करतात. पण रक्षकाच्या हातूनही विश्वास मोडू शकतो, याचा विचार ते तितक्या खोलवर नेत नाहीत. नायक स्वतःच निवेदक असल्याने त्याचा सद्‌हेतू वाचकाने गृहीतच धरावा लागतो. एका सज्जनाच्या जागरूकतेवर उभी राहिलेली व्यवस्था ही व्यवस्था नव्हे. तो योगायोग होय.

या उणिवेचे महत्त्व आज वाढले आहे. त्या काळी कागद संपत असे आणि वाचणारा थकत असे. या दोन मर्यादाच खाजगीपणाचे रक्षण करीत. आज अनेक विद्यापीठांत संभाषण, संगणकीय लेखन, दाराशी दाखविलेले ओळखपत्र आणि चित्रग्राहकाने टिपलेली हालचाल ही सारी एकाच जालातून वाहतात, आणि त्यांची नोंद आपोआप, निःशब्दपणे होते. नोंद नसती तर पंचाहत्तर सेंटांचे रहस्य कधीच उलगडले नसते. म्हणून नोंद नकोच, असे म्हणता येत नाही. मात्र ती कोणी वाचावी, कोणत्या कारणाने, आणि किती काळाने ती नष्ट करावी, हे लेखी नियमाने आधीच ठरलेले असले पाहिजे. निर्धास्तपणे प्रश्न विचारता येणे हे विद्यापीठाचे प्राणतत्त्व आहे. आणि आपले प्रत्येक वाक्य कोणी अज्ञात वाचीत असेल, अशी शंका ज्याला येते, तो अवघड प्रश्न हळूहळू विचारीनासा होतो. ही हानी कोणत्याही हिशेबात पंचाहत्तर सेंटांइतकीही दिसत नाही.